उभी पट्टी

मध्यंतरात चहाचे कागदी कप फिरत होते. सांगलीत नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. पूर्वार्ध नुकताच संपला होता आणि मी सभागृहाच्या मागच्या टोकाला, सगळ्या माइकांचा आवाज सांभाळणाऱ्या मिक्सरवर वाकलेल्या छोट्या दिव्याच्या उजेडात, पुढच्या पदांची यादी बघत बसले होते. पेटीच्या साथीला बसलेले काका मंचावरून उतरले, मधल्या वाटेनं ओळखीच्यांना नमस्कार करत करत थेट माझ्यापाशी आले. पांढरा झब्बा पाठीवर घामानं चिकटलेला. टेबलाच्या कडेला हात टेकून त्यांनी जरा दम घेतला आणि म्हणाले, "पोरी, मघापासनं मी तुझ्याशी भांडतोय असं वाटतंय बघ."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर इतकं लागलं नसतं. मी घाईनं विचारलं, "मॉनिटर कमी पडतोय का काका? वाढवते." मॉनिटर म्हणजे वाजवणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्याच्यासमोर ठेवलेला स्पीकर. त्यांनी मान हलवली. सुरुवातीला छान ऐकू येत होतं, मग आवाज जायला लागला, जातोय म्हणून त्यांनी भाता जोरात मारला, तर आणखीच गेला. "बघ जमलं तर," म्हणून ते चहा घ्यायला निघून गेले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पन्नासेक वर्षं पेटी वाजवणारा, आणि सव्वा तास एका न दिसणाऱ्या हाताशी झटापट करून आलेला. उत्तरार्धात मी त्यांचा मॉनिटर बराच वर घेतला. दहा मिनिटं बरं गेलं. मग पुन्हा त्यांचे खांदे वर-खाली व्हायला लागलेले मला मागून दिसले.

उत्तर सापडलं ते रात्री केबल गुंडाळताना, सभागृहातले सगळे दिवे लागल्यावर. काकांच्या चॅनलवर, ऑक्सच्या नॉबशेजारी, एक हरभऱ्याच्या डाळीएवढं बटण असतं. बाकी सगळ्या चॅनलवर ते दाबलेलं होतं. त्यांच्या चॅनलवर ते वर होतं.

हे ज्यांनी कधी हाताळलं नाही त्यांना सांगायचं तर मला आमच्याकडचा पाटच आठवतो. मिक्सरवरचा प्रत्येक चॅनल ही एक उभी पट्टी. वरच्या टोकाला गेन, त्याखाली लो-कट, मग हाय, मिड, लो, मग ऑक्स, पॅन, म्यूट आणि अगदी खाली, आपल्या पोटाशी, फेडर. आवाज वरून खाली उतरत येतो, पाटाच्या पाण्यासारखा. फेडर ही मुख्य झडप. तिच्यातून जे सुटतं ते प्रेक्षकांच्या रानात जातं. ऑक्स ही बाजूला काढलेली चारी; ती कलाकारासमोरच्या मॉनिटरला पाणी नेते. आता ही चारी झडपेच्या वरच्या अंगाला काढली असेल तर झडप कितीही आवळा, चारीला पाणी तेवढंच राहतं. याला म्हणतात प्री. झडपेच्या खालून काढली असेल तर झडप आवळली की चारीही आटते. हे पोस्ट. गाण्यात इको किंवा रिव्हर्ब द्यायचा असेल तर चारी पोस्ट हवी, कारण आवाज कमी झाला की त्याचा घुमाराही कमी व्हायला हवा. मॉनिटरला मात्र प्रीच हवी. वाजवणाऱ्याला स्वतःचं किती ऐकू यावं हे प्रेक्षकांना किती ऐकवायचं यावर अवलंबून असता कामा नये.

चारी वरून काढायची की खालून, हे ठरवतं ते डाळीएवढं बटण. ते वर राहिलं होतं, म्हणून काकांची चारी खालून निघाली होती. तपासणीच्या वेळी फेडर शून्यावर, म्हणजे आवाज जसाच्या तसा सोडणाऱ्या खुणेवर होता, मॉनिटर त्यांना मनासारखा मिळाला होता. कार्यक्रम सुरू झाला, गाणाऱ्या मुलीचा आवाज नाजूक, पेटी तिच्या अंगावर येतेय असं वाटून मी फेडर थोडा खाली घेतला. तेवढाच आवाज काकांच्या समोरूनही गेला. त्यांनी भाता वाढवला. पेटी पुन्हा अंगावर आली, मी पुन्हा खाली घेतली. असं किती वेळा झालं कोण जाणे. आणि मी काही बेसावध बसले नव्हते. हेडफोन लावून त्यांचा चॅनल दोनदा एकटा ऐकलाही होता. पण हेडफोनमध्ये येतो तो फेडरच्या आधीचा आवाज, तिथं पेटी खणखणीत होती. मीटरचे दिवे नेहमीपेक्षा वर नाचत होते. ते बघून मनात आलं होतं, काका आज रंगात आहेत.

या एका गोष्टीनं माझी झोप घालवली. रंगात आहेत, असं वाटलं होतं.

बाबांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. मिरजेपासून थोडं आत, तालुक्याच्या रस्त्यावरचं गाव. सप्ताह, लग्नं, निवडणुका, उरूस, बारसं, जे येईल ते. घरात एक अहुजाचा अॅम्प्लिफायर, चार कर्णे, दोन माइक आणि वायरींची पोती. त्या अॅम्प्लिफायरवर माइक एक, माइक दोन, बेस, ट्रेबल, एवढेच नॉब. गेन वेगळा, फेडर वेगळा, असली भानगड नव्हती. जेवढं आत घ्याल तेवढंच बाहेर जाणार. सप्ताहाच्या आदल्या संध्याकाळी बाबा देवळाच्या शिखराशेजारी बांबूला कर्णे बांधायचे आणि मला म्हणायचे, "जा, विहिरीपर्यंत पळत जा आणि शब्द कळतो का बघ." ते कधी माइकवर हॅलो हॅलो म्हणायचे नाहीत, त्यात फुंकर तर मुळीच मारायचे नाहीत. "ज्ञानेश्वर माउली, ज्ञानराज माउली तुकाराम" असं सावकाश म्हणत राहायचे. मी विहिरीवर उभी राहून ऐकायची. नुसता आवाज आला तर हात खाली. शब्द आला, "श्व" मधला श आणि व वेगळा कळला, तर हात वर. मग ते ट्रेबल केसभर फिरवायचे आणि पुन्हा म्हणायचे. आवाज येणं आणि शब्द येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिसरीत-चौथीत असतानाच त्या विहिरीनं शिकवलं.

त्या विहिरीवरून आणखी एक गोष्ट दिसायची. देवळाच्या ओट्यावरचे टाळकरी टाळ आपटायचे आणि त्यांचे हात पुन्हा दूर होईस्तोवर नाद माझ्यापर्यंत पोचलेला नसायचा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर चालतो, विहीर शंभरेक मीटरवर, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेव्हा हे आकडे ठाऊक नव्हते. फक्त वाटायचं की आवाजालाही चालत यावं लागतं, आणि माझ्यासारखाच तोही रानातून धापा टाकत येत असेल.

पुढे आम्ही बारा चॅनलचा मिक्सर घेतला, सेकंडहँड, कोल्हापूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं विकायला काढलेला. बाबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले होते. इतके नॉब कशाला, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग मी एका चॅनलवर चिकटपट्टी लावून मार्करनं "मृदंग" लिहिलं, पलीकडच्यावर "वीणा", त्याच्या पलीकडे "बुवा". तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे एकेकाला एकेक घर." मला अजूनही यापेक्षा चांगली व्याख्या सुचलेली नाही. चॅनल म्हणजे एका माणसाचं उभं घर, आणि वरपासून खालपर्यंत तुमची बोटं त्या घरातून फिरतात.

या घराचं दार म्हणजे गेन. मला चॅनलवरची सगळ्यांत जवळची वाटणारी गोष्ट हीच आहे आणि बहुतेक लोक तिच्याशीच सगळ्यांत निष्काळजीपणे वागतात. माइकमधून येणारा सूर असतो काही मिलिव्होल्टचा, मुंगीच्या पावलाएवढा. गेन त्याला उचलून कामाच्या उंचीवर आणतो. कमी ठेवला आणि नंतर फेडरनं भरून काढायला गेलात तर सुराबरोबर शूंऽ असा फुफाटाही वर येतो. जास्त ठेवला तर तार षड्जावर लाल दिवा लागतो आणि सूर फाटतो. फाटलेला सूर खाली कुठल्याच नॉबनं शिवता येत नाही. म्हणून तपासणीच्या वेळी मी गायकांना हात जोडून सांगते, गुणगुणू नका, रात्री जिथं सगळ्यांत वर जाणार आहात तिथं एकदा जाऊन या. बरेच जण संकोचतात. रिकाम्या खुर्च्यांपुढे तार सप्तकात जायला माणसाला लाज वाटते, हे मी समजू शकते. मग मी त्यांच्या संकोचाचाही हिशेब धरते, साधं गाणं मीटरच्या शून्याच्या आसपास ठेवते आणि वरची जागा मोकळी सोडते. डिजिटल मिक्सरवर हीच पातळी उणे 18 च्या आसपास येते. आणि एकदा मैफल सुरू झाली की गेनला हात नाही. पाटाच्या मुखाशीच पाणी हललं की प्रत्येक चारी हलते. गायिकेचा गेन जरा वाढवला तरी तबलजीच्या मॉनिटरमध्येही ती एकदम मोठी होते, आणि तो दचकून मागे बघतो.

गेन लावताना हेडफोन कानाला असतो आणि चॅनल एकटा ऐकायचं बटण दाबलेलं असतं. या कामातली ही जागा मला कायम थोडी अवघडल्यासारखी वाटत आली आहे. अख्ख्या सभागृहात कुणालाही ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं. बांगड्यांची किणकिण, घसा साफ करणं, वहीचं पान, लवंग चघळल्याचा आवाज. एकदा एक ज्येष्ठ गायिका मंचावर बसून मागच्या तंबोऱ्यावरल्या शिष्येला हलक्या आवाजात विचारत होत्या, "तुझ्या आईचं रक्त मिळालं का गं?" मी पटकन बटण सोडलं. मग वाटलं, सोडायला उशीरच झाला. त्यानंतर त्या मुलीकडे मला नीट बघवेना. ती मात्र दोन तास शांतपणे तारा छेडत होती, एकदाही हात चुकला नाही.

गेनच्या खाली लो-कट. एक साधं बटण, बहुतेक मिक्सरवर 80 किंवा 100 हर्ट्झच्या खालचं कापणारं. मंचावरच्या फळ्यांची धडधड, पंख्याचा वारा, डग्ग्याचा गाणाऱ्याच्या माइकमध्ये शिरलेला घुमार, हे सगळं त्यानं जातं. सवयीनं लोक गाणाऱ्याच्या चॅनलवर ते दाबूनच टाकतात. मीही दाबायची. काळी एक पट्टीत गाणाऱ्या एका बुवांनी एकदा मैफलीआधी खर्ज लावला आणि स्पीकरमधून आलेलं ऐकून थांबले. म्हणाले, "हा माझा नाही." मी घरी येऊन हिशेब केला. काळी एकचा षड्ज म्हणजे साधारण 138 हर्ट्झ. खालचा मंद्र पंचम 104, आणि त्याखालचा खर्जाचा षड्ज 69. माझ्या बटणानं त्यांच्या खर्जाच्या पायाखालची जमीनच काढून घेतली होती, आणि वरवरच्या स्वरांशांवर त्यांचा षड्ज लोंबकळत होता. पहाटे उठून वर्षानुवर्षं ज्या स्वरावर बसून त्यांनी आवाज घडवला, तो मला "धडधड" वाटला होता. आता त्या बटणाला बोट लावण्याआधी मी पट्टी विचारते. आपल्याकडे पट्टी हा शब्द पेटीच्या काळ्या-पांढऱ्याला, गळ्याच्या षड्जाला आणि मिक्सरवरच्या या उभ्या रांगेलाही चालतो. मला ते बरं वाटतं.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी पहिल्यांदा गेले ती एका तंबोऱ्याच्या ओझ्यानं. कुणाचा तरी तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून तारेचा नाद उघडायला टाकायचा होता, आमची गाडी त्या बाजूला चालली होती. दुकानात लाकडाचा भुगा, लाखेचा वास, छताला टांगलेले भोपळे. चाचा घोडीवर कानस फिरवत होते, दोनदाच घासायचं, मग तार चढवायची, छेडायची, कान लावायचा, पुन्हा उतरवायची. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, तांदळाच्या टोकाएवढा पुढे, तांदळाच्या टोकाएवढा मागे. मी तासभर बसून होते. त्या तासात एका तारेचा नाद बंद दारामागून उघड्या ओसरीवर आला. आधी नुसता ट्यँव होता, मग त्यातून एकेक स्वर उमलायला लागला, गंधारसुद्धा ऐकू आला, जो कुणीही वाजवत नव्हतं. चाचा म्हणाले, "अब खुली." आणि मला माझा मिड आठवला. दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास तो चार-पाच डेसिबल खाली घ्यायची माझी पद्धत होती, कारण तिथं माइक शिट्टी मारतो. म्हणजे या माणसानं तासभर कानस चालवून जे उघडलं ते मी बोटाच्या एका वळशात बंद करत आले होते, दर मैफलीत, आणि वर "तंबोरा छान बसलाय" म्हणून समाधान मानत होते.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला फार आनंद झाला. त्या आनंदात एक टोचणीही होती. गल्लीतला कारागीर टिकावा असं आपल्याला वाटतं, पण त्याचं काम शेवटच्या रांगेपर्यंत पोचतं ते आमच्यासारख्यांच्या नॉबमधून, आणि आमच्यातल्या किती जणांनी उघडी जवारी जवळून ऐकली आहे? माझं स्पष्ट मत आहे की शास्त्रीय मैफलीचा साउंड करणाऱ्यानं आधी चार दिवस त्या गल्लीत बसावं. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथं ओट्याशेजारी बसून बिनमाइकचा तंबोरा कानात भरून घ्यावा. मग मिक्सरला हात लावावा. शिट्टी थांबवायची तर माइक हलवा, मॉनिटरचं तोंड फिरवा, नको असलेले माइक म्यूट करा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीच्या आधी मिळणारी जागा साधारण 3 डेसिबलनं घटते. निवेदिकेचा माइक अख्खी मैफल उघडा ठेवायचा आणि त्याची किंमत तंबोऱ्याकडून वसूल करायची, हा मला अन्याय वाटतो.

गेल्या वर्षी कानात सारखी बारीक किर्र व्हायला लागली म्हणून तपासणी करून घेतली. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची तपासणी घेतली, इथं माझी चालली होती. कागदावर जी रेघ आली ती उजव्या कानाची बरीचशी सरळ होती. डाव्या कानाची 4000 हर्ट्झच्या जागी खड्ड्यात उतरली होती. मोठ्या आवाजानं कान जातो तो आधी तिथंच जातो, असं डॉक्टरांनी समजावलं. मला समजावायची गरज नव्हती. मिरवणुकांच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरवरच्या बॉक्सच्या भिंतीशेजारी मी किती वर्षं डावी बाजू करून उभी राहिले, ते मलाच माहीत. छातीत धप् धप् होत असायचं, पाण्याच्या बाटलीतलं पाणी थरथरायचं, आणि रात्री दहाची वेळ टळेपर्यंत कुणी थांबवायला यावं असं मनातून वाटत असायचं. ते पैसे आम्हाला लागत होते. त्या पैशांतूनच पुढचे चांगले माइक आले. हेही खरंच आहे.

तो कागद घेऊन मी रिक्षात बसले तेव्हा एकच विचार होता. माझ्या कानाच्या आत कुणीतरी हायचा नॉब खाली फिरवून ठेवलाय. मग गेली दोन-तीन वर्षं मी गाणाऱ्यांना जे हाय देत होते ते त्यांना लागत होतं म्हणून, की मला ऐकू येत नव्हतं म्हणून? जुनी रेकॉर्डिंग काढून ऐकली, पण ऐकणारा कान तोच, पंचाईतीत पंच कुणाला नेमायचा? शेवटी आमच्याकडे काम शिकणाऱ्या मुलाला बसवलं. एकोणीस वर्षांचा आहे, कान कोवळा. बराच वेळ ऐकून म्हणाला, "ताई, 'स' जरा टोचतोय." मला तो टोचत नव्हता. आता प्रत्येक कार्यक्रमाच्या आधी मी त्याला सभागृहभर फिरायला पाठवते. शब्द कळतो का बघ, म्हणते. तो शेवटच्या रांगेतून हात वर करतो.

फेडरबद्दल मला मोजकंच सांगायचं आहे, कारण त्याच्याबद्दल सगळेच बोलतात. शून्याच्या आसपास तो सगळ्यांत समजूतदार असतो. तिथं बोटाएवढं सरकवलं तर दोन-चार डेसिबलचाच फरक पडतो. खाली, तळाशी, तेवढंच सरकवलं तर वीस डेसिबल निघून जातात. म्हणून गेन असा लावावा की फेडरची खरी हालचाल शून्यापाशीच होईल. आणि गाणाऱ्याच्या मागे फेडर घेऊन धावू नये. तयार गायिका तान चढताना मान आपसूक मागे घेते, समेवर येताना पुढे. तिनं ते साऱ्या आयुष्यात कमावलेलं असतं. त्याच वेळी तुम्हीही फेडर हलवलात तर दोघींची पावलं एकमेकींवर पडतात. मी बोट ठेवते, पण बहुतेक वेळ ते नुसतं ठेवलेलं असतं. अंधारात तिच्या उजव्या हाताकडे बघत राहायचं. हात वर उठायला लागला की श्वास मलाही घ्यावासा वाटतो.

आता आमच्याकडे डिजिटल मिक्सर आहे. त्याच्यावर प्रत्येकाला वेगळं घर नाही. नॉबचा एकच संच, आणि सिलेक्ट दाबाल त्याचं ते घर. एका कार्यक्रमाची मांडणी जशीच्या तशी साठवता येते, टॅबलेट घेऊन मंचावर कलाकाराशेजारी बसून त्याचा मॉनिटर लावता येतो. हे फार मोठं सुख आहे आणि मला परत मागे जायचं नाही. पण प्री आणि पोस्ट आता मेनूच्या आत, तिसऱ्या पानावर असतं. जुन्या मिक्सरवर निदान अंगठा फिरवला असता तर एक बटण वर आहे हे कळलं असतं. त्या रात्रीनंतर मी तशी सवय लावून घेतली होती, काम सुरू करण्याआधी सगळ्या बटणांवरून डावीकडून उजवीकडे अंगठा फिरवायचा, गव्हाचं पोतं तपासतात तसा. काचेवर अंगठ्याला काही लागत नाही. म्हणून मी ते पान उघडून एकेक चॅनल तोंडानं म्हणते. तबला प्री. डग्गा प्री. तंबोरा प्री. पेटी प्री. शेजारचा मुलगा आधी बघत राहायचा, आता तोही माझ्याबरोबर म्हणतो.

मागच्या थंडीत काका पुन्हा भेटले. मिरजेत एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर घरगुती बैठक, साठ-सत्तर माणसं, सतरंजीवर. ते आधीपेक्षा वाळले होते, जिना चढताना दोनदा थांबले. मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. "कशी आहेस बाळ" एवढंच म्हणाले, जे ते सगळ्यांनाच म्हणत असावेत. त्या रात्रीची माफी मागायची असं मी वर्षभर ठरवत होते, शब्दही जुळवून ठेवले होते. समोर आल्यावर ते तोंडातून निघेनात. मी म्हटलं, "काका, लोक यायला वेळ आहे. थोडं वाजवता का, तुमचा मॉनिटर लावून घेते."

ते बसले, झाकण काढलं, डाव्या हातानं भाता दोनदा नुसताच ओढून पाहिला आणि यमनची सुरावट धरली. मी मॉनिटर हळूहळू आणला. एका जागी त्यांनी मान हलवली, मी थांबले. मग त्यांना काही न सांगता फेडरवर बोट ठेवलं आणि खाली घ्यायला लागले. शून्यावरून उणे पाच, उणे दहा, उणे वीस. खोलीतल्या मोठ्या स्पीकरमधून पेटी ओसरत गेली. दाराशी चपला लावणाऱ्या मुलानं वर बघितलं. फेडर तळाला टेकला. काकांचे डोळे मिटलेले होते. डावा हात त्याच संथ लयीत भाता ओढत होता, सैल मनगटानं, जराही न वाढता. तीव्र मध्यमावरून ते पंचमावर आले आणि तिथंच थोडे रेंगाळले. मी फेडर लगेच वर घेतला नाही.